आडोसा

१

व्यायामाच्या वाऱ्यालाही मी कधी उभी राहिले नव्हते. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर मी रेसची सायकल घेणार म्हटलं, तेव्हा नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि डोकं पुन्हा पेपरात घातलं. "घे," म्हणाला, "कपडे वाळत घालायला तेवढीच आणखी एक जागा." त्याचंही चुकत नव्हतं. आमच्या घरातल्या ट्रेडमिलवर आजवर फक्त टॉवेलच चालले होते.

पण डॉक्टरांनी गुडघे बघून बजावलं होतं, धावू नका, सायकल चालवा. आणि मला हवी होती ती बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, वाकून चालवायची. नवी घेऊन हसं करून घ्यायची हिंमत नव्हती, म्हणून जुनी शोधत होते. जाहिरात सापडली, पत्ता सापडला, आणि नेटवर वाचलेलं सगळं पाठ करून मी गेले. फ्रेमला चीर आहे का बघा, चाक उचलून फिरवा, डुगतंय का बघा, चेन सैल पडलीय का बघा.

दार एका काकूंनी उघडलं. अरुंद पॅसेज, भिंतीला टेकवलेली सायकल, तिच्यावर जुनी चादर. "ह्यांची आहे," काकू म्हणाल्या. "हे आत असतात. पडून." वर्षापूर्वी काकांना पक्षाघाताचा झटका आला होता. एक बाजू गेली, वाचा गेली. अशा वेळी जे बोलतात ते मी बोलले, आणि मग जरा ओशाळून सायकलीचं मागचं चाक उचलून फिरवलं.

पेडल थांबलं आणि चाक मोकळं फिरत राहिलं की अशा सायकलीचं मागचं चाक टकटकतं. बारीक, भराभर, मग हळूहळू विरत जाणारा आवाज. गिऱ्हाइकाने ऐकावा त्यापेक्षा जास्त वेळ मी तो ऐकत राहिले. ऐकणं हाच माझा धंदा आहे. मी कानाच्या दवाखान्यात श्रवण तपासते. पेशंट आवाजबंद खोलीत बसतो, मी काचेच्या या बाजूने त्याच्या हेडफोनमध्ये आवाज सोडते, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. इतकी वर्षं हे केल्यावर कुठलाही आवाज कानावर पडला की तो कुठून आला हे डोकं आपोआप शोधतं.

टायरवर हात ठेवून मी चाक थांबवलं. टकटक चालूच राहिली. आतल्या खोलीतून येत होती, लोटलेल्या दाराच्या फटीतून. थोडी रेंगाळली आणि थांबली.

"घड्याळ आहे का आत?" मी विचारलं.

"असेल," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

उजेडात फ्रेम बघायला सायकल गॅलरीत नेली. तिथल्या दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरुषाचे सदरे वाळत होते. पडून असलेल्या माणसाचे कपडे वरचेवर बदलावे लागतात, बाई स्वच्छ आहे, मी मनात म्हटलं. माझ्याकडे कशालाही कारण तयार असतं. ती माझी सवयच आहे.

निघताना काकूंनी सीटवर क्षणभर हात ठेवला. "ही घरातून गेली की बरं होईल," त्या म्हणाल्या. पॅसेजमधली अडचण जाईल असं त्यांना म्हणायचं असेल, असं मी धरून चालले.

२

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने टायर आणि ब्रेकच्या केबली बदलल्या. सीट माझ्या उंचीला लावायला पाना काढला, मला वर बसवलं आणि पाना परत ठेवून दिला. "लावलेलीच आहे की," म्हणाला. मला त्याचं अप्रूप वाटलं. कपडे कधी मापाचे मिळाले नाहीत, सायकल मिळाली.

सुरुवातीचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. थांबायच्या आधी पाय खाली टेकवायचा असतो हे मी भर चौकात विसरले आणि उभ्या सायकलसकट आडवी झाले. भाजी घेणारे लोक भाजी सोडून माझ्याकडे बघत राहिले. हात दुखले, मान दुखली, आणि कुठे कुठे दुखलं ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. पण गावाबाहेर कालव्याच्या काठाने जाणारा लांबलचक सरळ रस्ता लागला की सगळं विसरायला व्हायचं. तिथे पहाटेनंतर ऊन कोवळं असताना सायकलवाले येतात, आणि तिथे वारा असतो. उघड्या माळावरून येणारा, समोरून छातीवर बसणारा. नवशिके त्याच्याशी भांडून घायकुतीला येतात.

मी येत नव्हते. मला वाटलं, सायकलच चांगली आहे. मग वाटलं, आपल्यातच काही दडलेलं होतं, जे इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. हे वाटणं फार सुखाचं होतं, म्हणून मी ते बरेच दिवस टिकवलं.

पण कान गप्प बसेनात. सायकल वेगात असली की कानात वारा घोंघावतो, माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू येत होतं. कालव्याचं पाणी, टायरखालची खडी, माझा श्वास. हेल्मेटमुळे असेल, म्हणून ते काढून पाहिलं. केसांमुळे असेल, म्हणून केस घट्ट बांधले. शेवटी एक दिवस हँडलला लोकरीचा एक धागा बांधला आणि निघाले.

त्या दिवशी वारा चांगलाच होता. कालव्याकाठचं उंच गवत माझ्याकडे लोळत होतं, पाण्यावर समोरून सुरकुत्या येत होत्या. माझा धागा सरळ खाली लोंबत होता. मी जोर लावला. धागा जरासा हलला आणि पुन्हा लोंबला. दोन्ही बाजूंना गवत जमिनीला टेकलेलं, आणि मधोमध मी, देवघरातल्या दिव्याला आडोसा करावा तशी जपलेली. भीती वाटली असं खरंच म्हणता येणार नाही. डोळे भरून आले. इतक्या मोकळ्या जागेत इतकं जपून मला कुणी कधी नेलं नव्हतं.

परत येताना वारा पाठीवर असायला हवा होता. तो फिरला आणि पुन्हा समोरून आला. धागा लोंबतच राहिला.

३

कालव्यावर येणाऱ्यांचा एक घोळका होता. त्यांच्या म्होरक्याला सगळे कप्तान म्हणत. बँकेतून निवृत्त झालेला, पायांच्या शिरा वर आलेला, बोलका माणूस. रविवारी त्यांनी मला सोबत घेतलं. एकामागे एक चिकटून कसं चालवायचं ते कप्तान शिकवत होते. पुढचा वारा खातो, मागच्यांना आडोसा मिळतो, निम्मी ताकद वाचते. म्हणून कायम एकानेच पुढे राहायचं नसतं.

"पण पाळी बदलायची हे कळणार कसं?" मी विचारलं.

"कोपरावरून," कप्तान म्हणाले. त्यांनी डावं कोपर बाहेर झटकून दाखवलं, अंगावरची माशी उडवावी तसं. "थकलेला माणूस कोपर झटकतो. ज्या बाजूचं झटकलं, त्या बाजूने मागच्याने पुढे यायचं. तोंडाने सांगायला दम कुठे उरलेला असतो?"

मग म्हणाले, नवशिके पुढे आले की चेकाळतात. जोर वाढवतात आणि मागचा सुटतो. एकदा सुटला की तो एकट्याने वाऱ्यात पडतो, मग त्याला परत गाठणं होत नाही. "पुढे असशील तेव्हा कान मागे ठेव. मागचा आरामात असला की मधूनमधून पाय थांबवतो, त्याचं चाक टकटकतं. ती टकटक ऐकू येतेय तोवर समजायचं, आहे बिचारा."

मी त्यांच्या मागे चिकटून चालवलं. कानातला घोंघाट बंद झाला, छातीवरचं ओझं उतरलं, धागा लोंबला. अगदी तसंच. रोज एकटी असताना होतं, अगदी तसंच.

त्या दिवशी घरी येऊन मी बराच वेळ पॅसेजमध्ये सायकलीसमोर बसून राहिले. नवरा म्हणाला, तिची आरती करायची असेल तर चहा झाल्यावर कर. मी हसले. त्याला काय सांगणार होते? कप्तानांना तरी काय विचारणार होते? की बाबा, पुढे कुणीच नसताना आडोसा कुणाचा?

४

त्यानंतरच्या आठवड्यात काकू माझ्या दवाखान्यात आल्या. काकांना चाकाच्या खुर्चीत घेऊन. काका कशालाच दाद देत नाहीत, त्यांना ऐकू तरी येतं का ते बघायला मोठ्या डॉक्टरांनी धाडलं होतं. काकूंनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. कपाटात लपवलेली वस्तू पाहुण्यासमोर बाहेर पडावी तसं काहीतरी झालं.

मी काकांना पहिल्यांदा बघत होते. वर्षभर खोलीबाहेर न पडलेला माणूस पांढराफटक असायला हवा. काका उन्हाने रापलेले होते. कपाळावर एक सरळ रेघ होती, तिच्या वर गोरं, खाली तांबूस काळं. कानांपासून हनुवटीखाली दोन गोऱ्या पट्ट्या उतरत होत्या. हाताची बोटं रापलेली आणि पंजे गोरे. हेल्मेटच्या, त्याच्या पट्ट्यांच्या, हातमोज्यांच्या खुणा. माझ्याही अंगावर त्याच होत्या, महिनाभराच्या.

मी त्यांना आवाजबंद खोलीत नेलं. हेडफोन लावले, दार बंद केलं, काचेच्या या बाजूला येऊन बसले. त्या खोलीत बाहेरचं काही म्हणून जात नाही. भिंती जाड, दार दुहेरी, आत बसलेल्याला स्वतःच्या गिळण्याचा आवाज येतो. मी आवाज सोडले, बारीक, मोठे, त्याहून मोठे. काकांनी दाद दिली नाही. पेशंट काही पुटपुटतोय का ते ऐकायला आत एक माइक असतो. मी त्याचं बटण दाबलं.

माझ्या हेडफोनमध्ये वारा आला.

वायर सैल असेल, म्हणून मी ती दाबून बसवली. हेडफोन बदलले. तोच आवाज. उघड्या माळावरचा, समोरून येणारा, कानशिलांवर आदळणारा, आणि त्याच्यात एका माणसाचा धापा टाकणारा श्वास. काचेपलीकडे काका खुर्चीत मान टाकून बसले होते. डोक्यावरचे पांढरे केस जागचे हलत नव्हते. मला ओरडावंसं वाटलं नाही. हात जोडावेसे वाटले, हे आता लिहितानाही थोडं विचित्र वाटतंय, पण तसंच वाटलं.

आणि मग त्यांचं डावं कोपर हललं. बाहेरच्या बाजूला, झटकन. थोड्या वेळाने पुन्हा.

बाहेर बाकावर काकू पदराशी चाळा करत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि सदऱ्यांचं विचारलं. त्यांनी आधी इकडे तिकडे पाहिलं, मग हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. झटका आल्यापासून काका रोज घामाने निथळतात. पंखा लावला तरी, थंडीतही. पिंढऱ्या दगडासारख्या टणक होतात. डॉक्टर म्हणतात, पडून असलेल्या माणसाचं हृदय इतकं का झिजतंय कळत नाही, असंच चाललं तर फार दिवस निभणार नाही.

"मला वाटलं, सायकल नजरेसमोरून गेली की थांबतील," काकू म्हणाल्या. "पण तू नेल्यापासून जास्तच झालंय गं. आणि हे कोपराचं तर तू नेल्यापासूनच सुरू झालंय. आधी नव्हतं. डॉक्टर म्हणतात, शीर उडते."

मी मान हलवली. शीर उडत नव्हती. ते थकलेले होते आणि मागे कुणीतरी आहे हे त्यांना कळलं होतं. मी महिनाभर त्यांच्या मागे मजेत फिरत होते, स्वतःची पाठ थोपटून घेत होते, आणि ते मला बोलावत होते. मला खूण ठाऊक नव्हती म्हणून मी पाळी घेतली नव्हती.

"उद्या सकाळी त्यांच्याजवळ बसा," मी काकूंना म्हटलं.

५

सकाळी वारा असा होता की कालव्यावर एकही सायकल नव्हती. मी शेवटच्या पुलापर्यंत गेले. धागा लोंबत होता. पुलापाशी वळले, आणि वारा नेहमीसारखाच माझ्याबरोबर वळून समोर आला.

आता ऊन डाव्या हाताला, कालव्याच्या पलीकडून येत होतं. माझी सावली उजवीकडच्या गवतावर लांब पडली होती. समोर रस्ता रिकामा होता, शेवटपर्यंत. तरी मी हँडल डावीकडे घेतलं, कारण कोपर डावं होतं. रस्त्याची कड आणि पाणी यांच्यामध्ये हातभर जागा होती. भिंतीआडून बाहेर यावं तसा वारा आधी माझ्या डाव्या खांद्यावर बसला, मग सगळ्या अंगावर. सायकल पाण्याकडे ढकलली गेली. धागा ताठ उभा राहून माझ्याकडे फडफडू लागला. कानात इतका घोंघाट झाला की मी स्वतः किंचाळले की काय तेही कळलं नाही. हे सगळं ते वर्षभर एकट्याने खात होते.

मी दात आवळून पेडल मारत राहिले आणि एकदाच उजवीकडे बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. गवतावर सावल्या मात्र दोन होत्या. एक माझी, सायकलसकट. दुसरी माझ्या बरोबरीने चालली होती, वाकलेली, मान खाली घातलेली. तिला सायकल नव्हती. हवेत नुसते पाय फिरत होते, गोल, सारखे, न थांबता. सायकल तर मी विकत घेतली होती.

ती सावली हळूहळू मागे सरकली. माझ्या मागे गेली. तिचे पाय थांबले, आणि माझे पाय फिरत असताना, माझं चाक गप्प असताना, पाठीमागून टकटक ऐकू आली.

त्या आवाजाने माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मला त्यांना एका दमात घरी न्यायचं होतं. मी उभी राहून जोर लावला, आणि थोड्याच वेळात लक्षात आलं की मागे काही नाही. फक्त वारा. नवशिकी ती नवशिकी, कप्तानांनी सांगितलेली चूक मी सांगितल्याबरहुकूम केली होती. त्या क्षणी जी भीती वाटली ती त्या सगळ्या काळातली खरी भीती. हातातलं मूल गर्दीत सुटावं तशी. ते मागे कुठेतरी उघड्यावर होते, सायकलीशिवाय, आणि त्या खोलीत काकू त्यांचा हात धरून बसल्या होत्या.

मागे वळून बघितलं नाही, बघून काही दिसणार नव्हतं. पाय सैल केले. वारा मला जवळजवळ थांबवत होता, मी त्याला थांबवू दिलं. आणि ऐकत राहिले. जन्मभर मी लोकांना सांगत आले होते, घाई करू नका, अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबा. वाऱ्याच्या घोंघाटाखाली, पाण्याच्या आवाजाखाली, खूप खाली काहीतरी होतं. नसेलही. मी आणखी हळू झाले. मग ते जवळ आलं. टक, टक, टक. माझ्या मागच्या चाकाला येऊन चिकटलं.

तिथून पुढे मी त्यांना आणलं. बैलगाडीच्या चालीने, मांड्या पेटलेल्या, तोंडात धूळ. गावातले चौक पार करून, काकूंच्या गल्लीत. इमारतीखाली ब्रेक दाबले आणि पाय टेकला. टकटक माझ्या शेजारून पुढे गेली, जिन्यापाशी रेंगाळली आणि विरली.

बऱ्याच वेळाने गॅलरीत काकू आल्या. हातात सदरा होता, पण ओला नव्हता. त्या कठड्यावरून वाकल्या.

"झोपलेत," त्या म्हणाल्या. "घोरतायत. कोरडे आहेत गं."

आम्ही दोघी रडलो, त्या वर, मी खाली.

६

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. काकांना वाचा आली नाही, हातपाय हलले नाहीत. पण चेहऱ्यावरचं ऊन उतरलंय, रेघा पुसट झाल्यात, डॉक्टर खूश आहेत. दोरीवर एकच सदरा असतो. मी कालव्यावर जाते तेव्हा धागा फडफडत असतो आणि मागे टकटक असते. वारा असेल त्या दिवशी हमखास जाते. मी गेले नाही तर ते एकटे निघतील.

परवा चहा पिताना नवरा म्हणाला, "झोपेत कोपर कशाला मारतेस?"

"कुठलं?"

"डावं. सारखं झटकत होतीस. आणि घामाने चिंब होतीस, गाऊन पिळून काढावा इतकी." तो बिस्कीट बुडवायचं विसरून माझ्याकडे बघत होता. माझा नवरा जिना चढला तरी मधल्या मजल्यावर थांबतो आणि खिडकीतून काहीतरी बघायचं नाटक करतो. "बरी आहेस ना? मलाही बघ ना एखादी जुनी सायकल. येत जाईन तुझ्याबरोबर."

मी म्हटलं, सायकलीला घरात जागा नाही, कपडे कुठे वाळत घालायचे? तो हसला.

इतकी वर्षं तो माझ्या डाव्या हाताला झोपत आलाय. त्याच दिवशी मी जागा बदलून घेतली. आता माझ्या डाव्या बाजूला भिंत आहे, तिथून पाळी घ्यायला कुणी येऊ शकत नाही. सकाळी कोपर काळंनिळं झालेलं असतं. मी लांब बाह्यांचे कपडे घालते आणि कामावर जाते.